बसमधून बोकड बघून आलेल्या काकूंचं उत्तर

केरळात मुन्नारजवळ असलेल्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानावरच्या माझ्या लेखाखाली एका टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. उडवणारही नाही, राहू दे तिथेच. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती इथे पुन्हा देते:

"काकू, बसमधून बोकड बघून आल्यावर जंगलावर प्रवचन देऊ नये. तुम्ही ज्याला अरण्य म्हणताय ते नुसते बोडके डोंगर आहेत. तुमचे असले जवळून काढलेले फोटो बघून उद्या शंभर जण मोबाईल घेऊन त्या प्राण्याच्या अंगावर जाणार, त्याचं काय? तिकिटाची माहिती तेवढी कामाची असते, नेमकी तीच लेखात नाही."

लेखावर मतभेद असायला माझी हरकत नाही. टीका मी आजवर ऐकून घेत आले, पुढेही घेईन. पण सुरुवातच 'काकू'ने? मी आपली काकू नाही. आपली ओळख नाही, पाळख नाही. लेखाखाली माझं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं, आपण मात्र स्वतःचं नाव झाकून ठेवता. ट्रेकवाल्या मंडळींमध्ये पन्नाशीच्या बाईला काकू म्हणून बाजूला बसवायची जी सवय आहे, ती मला चांगली ठाऊक आहे. त्या शब्दात आदर किती आणि 'तुम्ही डबा सांभाळा, आम्ही सुळका चढून येतो' हा भाव किती, हे कळण्याइतके पावसाळे मी पाहिलेत. आणि 'प्रवचन'? अख्ख्या लेखात मी कुणाला एक उपदेश केला असेल तर काढून दाखवा. मी जे पाहिलं ते लिहिलं.

आता बसबद्दल, कारण खरा राग तिचाच दिसतोय.

इरविकुलमला बसनेच जावं लागतं. मुन्नारहून मरयूरच्या रस्त्याला लागलं की पाचव्या मैलावर वनविभागाचं केंद्र आहे. तिथे आपली गाडी सोडायची, रांगेत उभं राहायचं आणि वनविभागाच्या बसमध्ये बसून राजमलापर्यंत जायचं. तिथून पुढे डांबरी रस्त्यावर थोडं चालणं. एवढंच. उद्यान ९७ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला राजमलाचा हा छोटासा पट्टा तेवढा आपल्यासारख्यांना खुला आहे. अनमुडी, म्हणजे २६९५ मीटरचं, हिमालयाच्या दक्षिणेला भारतातलं सर्वांत उंच शिखर, समोर दिसतं. दिसतं म्हणजे ढगांनी कृपा केली तर. आपल्याला हवं म्हणून त्यावर चढता येत नाही.

यात माझा कमीपणा काय, हे मला खरंच समजलेलं नाही. मला तर हीच त्या उद्यानाची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली. गर्दी अडवता येत नाही म्हटल्यावर तिला एका चिंचोळ्या रस्त्यावर बांधून टाकायची आणि बाकीचं सगळं कुलपात ठेवायचं. त्या कुलपाआड काय आहे? अनमुडीच्या अंगावर नारिंगी-लाल रंगाचा एक इवलासा बेडूक आहे. शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर वर्णन केलं ते २०१० मध्ये, आणि त्याचं घर म्हणजे तो उंचावरचा एवढासा तुकडा. तिथे माझं पाऊल न पडणं हेच माझ्याकडून त्याला झालेलं साहाय्य. आपलं पडलं असेल, तर कुणाच्या परवानगीने ते आपण सांगा.

राहता राहिला माझ्या जंगलाच्या अनुभवाचा प्रश्न, तोही आपण काढलाच आहे म्हणून सांगते. मी राधानगरीची. वडील पाटबंधारे खात्यात, त्यामुळे लहानपण धरणाच्या कॉलनीत गेलं. दाजीपूरच्या बाजूचे गवे संध्याकाळी रस्त्यावर आले की एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून बसायचा आणि गाडीतलं कुणी हूं की चूं करायचं नाही. बुद्धपौर्णिमेच्या गणनेला वनखात्यातल्या ओळखीच्या मामांबरोबर मी मचाणावर रात्र काढलीय, तेव्हा मी कॉलेजात होते आणि मुलीला कशाला पाठवता म्हणून आजीने घर डोक्यावर घेतलं होतं. रात्रभरात पाणवठ्यावर आलं ते एक साळिंदर. पहाटे भेकर भुंकलं, पण दिसलं नाही. घरी येऊन मी ते आठवडाभर सांगत सुटले होते. तेव्हा जंगल म्हणजे काय हे मला पुण्या-मुंबईच्या वीकेंडवाल्यांनी शिकवू नये. (आपण पुण्या-मुंबईचे नसाल तर हे वाक्य आपल्याला लागू नाही.)

आणि हो, 'बोकड'. आपल्याला टोमणाच मारायचा होता, तर निदान नेमका मारायचा. तो निलगिरी ताहर. दिसायला बोकडासारखा आहे हे कबूल, पूर्वी शास्त्रज्ञही त्याला हिमालयातल्या ताहरच्याच गटात बसवत. २००५ च्या सुमाराला जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की हा मेंढ्यांच्या जवळचा, आणि त्याच्यासाठी वेगळा गटच (genus) करावा लागला. जगात तो फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या या डोंगरांत आहे, दुसरीकडे कुठेही नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा कळप-समूह इरविकुलमलाच आहे. जॉर्ज शॅलर हे हिमबिबट्याच्या अभ्यासाने गाजलेलं नाव. त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी येऊन याचा अभ्यास केला आणि तो छापला आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात. शॅलर बोकड बघायला आले होते असं आजवर कुणी म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मी पाहिला तो एक म्हातारा नर. अंग गडद तपकिरी, जवळजवळ काळं, आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखा राखाडी पट्टा. नुकती भुरभुर होऊन गेली होती, पाठीच्या केसांवर थेंब तसेच होते. रस्त्याच्या कडेला गटाराची दगडी भिंत आहे, तिच्या वीतभर रुंदीच्या कडेवर चारही खूर ठेवून तो चरत होता. गवत तोडल्याचा करकर आवाज ऐकू येत होता. गुडघ्यांवर खडकात टेकून टेकून पडलेले घट्टे दिसत होते. मध्येच मान वर करून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही काही कामाचे नाही असं ठरवून पुन्हा खाली घातली. यावर मी दोन परिच्छेद लिहिले. चार लिहायला हवे होते.

'बोडके डोंगर' हे मात्र मी सोडणार नाही, कारण आपल्यासारखाच विचार करून साहेबाने आणि त्यानंतर आपल्या सरकारांनी या पर्वतांची वाट लावली. उतारावर गवत आणि घळीत दाट, बुटकं, शेवाळलेलं सदाहरित रान. त्या रानाला शोला म्हणतात. ही नक्षी कुणी झाडं तोडून केलेली नाही. उघड्यावर जानेवारीच्या पहाटे दहिवर गोठतं, त्यात शोलातल्या झाडांची रोपं जळून जातात. वारा वेगळाच. लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन तेवढा गवतात तग धरून उभा असतो. दलदलीत साठलेले परागकण तपासून संशोधकांनी दाखवलंय की हे गवत हजारो वर्षांपासून इथेच आहे, माणसाने कुऱ्हाड हातात घ्यायच्या कितीतरी आधीपासून. पण 'पडीक आहे, झाडं लावा' म्हणून निलगिरी पर्वत, कोडाईकनाल, मुन्नारच्या टापूत मैलोन्‌मैल निलगिरीची (युकॅलिप्टसची) झाडं आणि ऑस्ट्रेलियन वॅटल लावले गेले. गवत गेलं, त्याबरोबर ताहरचं चरायचं रान गेलं. हिरवंगार दिसतं खरं, फोटोही छान येतात. आपल्याकडे सड्यांचं, म्हणजे कातळी पठारांचं, हेच होतं: मे महिन्यात कास बघा आणि कुणी त्याला ओसाड माळ म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही. पण मे महिन्यात बघून मत मात्र देऊ नये.

इरविकुलम वाचलं ते योगायोगाने. चहामळ्यांच्या गोऱ्या साहेबांना शिकारीसाठी राखीव रान हवं होतं, म्हणून तिथे चहा लागला नाही. १९७१ च्या कायद्याने सरकारने कंपनीकडून जमीन परत घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. शिकाऱ्यांचे आभार मानायला जीभ रेटत नाही, पण खरं ते खरं.

एक गोष्ट आपली मान्य करते, म्हणजे मी कुणाचं ऐकतच नाही असं व्हायला नको. लेखातल्या पहिल्या फोटोखाली मी 'अरण्याच्या काळजात' असं लिहिलं होतं. राजमलाचा डांबरी रस्ता हे काही त्या उद्यानाचं काळीज नव्हे. ओळ बदलून 'राजमला, रस्त्याच्या कडेला' अशी केली आहे. झालं समाधान?

फोटो जवळून काढल्याचं म्हणाल, तर त्यावर फार बोलण्यासारखं नाही. मी रस्त्यावर होते, तो भिंतीवर होता. राजमलाचे ताहर माणसाला बुजत नाहीत, ते काही माझ्यामुळे झालेलं नाही. क्लिफर्ड राइस नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या आसपास त्यांचा अभ्यास केला तेव्हा मीठ ठेवून ठेवूनच त्यांना जवळ आणलं होतं. आमच्याच बसमधल्या एका बाईने वेफर्सचा पुडा पुढे केला तेव्हा तिथल्या वनरक्षकाने तिला असं काही झापलं की तिच्यासकट आम्ही सगळेच मागे सरकलो. ते मी लेखात लिहिलं नाही, कारण ती बाई मराठी होती आणि उगाच खाली तोच विषय सुरू झाला असता. उद्या शंभर जण काय करतील याचा जाब आज मला विचारण्यात काही अर्थ नाही. ते त्यांचं ते बघतील, वनरक्षक आहेतच.

तिकिटाचं सांगते, कारण तेवढं एक वाक्य आपण सरळपणे लिहिलंत. आधी ऑनलाइन काढून ठेवा, सुट्टीच्या दिवसांत तिथल्या खिडकीवर ताटकळायला होतं. सकाळची पहिली वेळ घ्या, दुपारनंतर ढग उतरतात आणि मग समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका, ताहरची पिल्लं होण्याचा तो काळ, उद्यान साधारण दोन महिने बंद ठेवतात. कुरिंजीच्या निळ्या-जांभळ्या फुलांसाठी जाणार असाल तर घाई नाही, ती बारा वर्षांनी फुलते. २०१८ मध्ये फुलली होती, तेव्हा नेमका केरळात महापूर. आता २०३०.

माझा पुढचा लेख पांबाडुम शोलावर आहे. मुन्नारहून टॉप स्टेशनवरून वट्टवडाला जाणारा रस्ता त्या उद्यानातूनच जातो. तिथेही मी गाडीनेच गेले होते, आधीच सांगून ठेवते.