‘गोऱ्या शाळांनी त्यांना खेळाडू बनवलं’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या खेळांबद्दलच्या पोस्टमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलांमध्ये खेळ नावालाच होता, मुलांच्या अंगात गुण होते पण त्यांना वळण लावणारं कुणी नव्हतं, आणि शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४च्या ब्राऊन निकालानंतर गोऱ्या शाळांची दारं उघडली तेव्हा कुठे ही मुलं खेळाडू झाली, असं त्यात म्हटलेलं असतं. ऐकायला हे वर्णभेदाच्या विरोधातलं वाटतं, म्हणून भली माणसंही ते पुढे पाठवतात. पण त्यात शिक्षकांच्या दोन पिढ्यांची मेहनत पुसली जाते, आणि ते मला सहन होत नाही.

‘व्यवस्थाच नव्हती’ हा त्यातला पहिला भाग. टेक्सासचंच घ्या. तिथल्या सरकारमान्य शालेय लीगचं सभासदत्व नियमानेच गोऱ्या शाळांपुरतं होतं. म्हणून १९२०मध्ये कृष्णवर्णीय शाळांची वेगळी लीग उभी राहिली. प्रेरी व्ह्यू इथल्या कृष्णवर्णीय कॉलेजातून तिचा कारभार चाले, आणि ती पुढे प्रेरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग याच नावाने ओळखली गेली. भरभराटीच्या काळात सुमारे ५०० शाळा तिच्यात होत्या. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, धावण्याच्या शर्यती तर होत्याच, शिवाय वक्तृत्व, संगीत आणि टायपिंगच्याही स्पर्धा होत. शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळांसाठी राखलेली असे, त्यामुळे स्टेडियम मिळे ते बुधवारी किंवा गुरुवारी. तरी लोक येत. ह्यूस्टनमध्ये थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी जॅक येट्स विरुद्ध फिलिस व्हीटली हा तिथल्या दोन कृष्णवर्णीय हायस्कुलांचा फुटबॉल सामना रंगायचा, आणि त्याला तीस हजारांच्या घरात गर्दी लोटायची. दोन शाळांच्या सामन्याला! याला नावापुरता खेळ कसं म्हणायचं?

‘आपापसांत खेळत होते म्हणून जिंकत होते, दर्जा बेताचाच होता’ हा दुसरा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण तो मैदानावर तपासला गेला आहे आणि खोटा ठरला आहे. इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहराने १९२७मध्ये क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल काढलं ते कृष्णवर्णीय मुलांना बाकीच्या शाळांतून बाजूला काढण्यासाठी. राज्याच्या बास्केटबॉल स्पर्धेत या शाळेला १९४२पर्यंत प्रवेशच नव्हता. शाळेची व्यायामशाळा इतकी लहान होती की घरचे सामनेही दुसरीकडे जाऊन खेळावे लागत. १९५०मध्ये रे क्रो मुख्य प्रशिक्षक झाले. १९५५मध्ये ऑस्कर रॉबर्टसनच्या संघाने राज्याचं अजिंक्यपद जिंकलं, आणि अंतिम सामन्यात समोर होती गॅरी शहरातली रूझवेल्ट हायस्कूल, तीही कृष्णवर्णीयांचीच शाळा! गुण ९७-७४. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत सर्व खेळाडू कृष्णवर्णीय असलेली शाळा अजिंक्य ठरण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ होती. पुढच्या वर्षी त्यांनी एकही सामना न हरता पुन्हा तेच केलं. १९५५च्या विजयाची मिरवणूक मात्र शहराच्या मधल्या चौकात रेंगाळू दिली नाही, कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे वळवली. रॉबर्टसन पुढे जगातल्या थोर बास्केटबॉलपटूंत गणला गेला, पण ती संध्याकाळ तो विसरला नाही.

टेनेसीतही हेच झालं. नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलने कृष्णवर्णीय शाळांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षं जिंकली होती. १९६६मध्ये राज्य स्पर्धा पहिल्यांदा सर्वांना खुली झाली, आणि त्याच वर्षी पर्ल अपराजित राहून अजिंक्य ठरली. त्या संघातला पेरी वॉलेस वर्गातही पहिला होता.

‘मोठ्या संघांनी त्यांना हेरलं ते शाळा एकत्र झाल्यावर,’ असंही म्हणतात. टेक्सासमधल्या ब्यूमाँटचा फुटबॉलपटू बब्बा स्मिथ कृष्णवर्णीयांच्या चार्लटन-पोलार्ड हायस्कूलमध्ये, प्रशिक्षक असलेल्या वडिलांच्या हाताखाली तयार झाला. खेळायला त्याला थेट मिशिगनला जावं लागलं, कारण घरच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांत त्याला जागा नव्हती. १९६७मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या निवडीत पहिलं नाव त्याचं होतं. टेक्सास विद्यापीठाचा संघ १९६९मध्येही पूर्ण गोराच होता. हेरण्यात कमी पडलं कोण, ते यावरून दिसतं.

राहिला ‘विलीनीकरणात सगळ्यांचंच भलं झालं’ हा मुद्दा. मुलांना चांगली मैदानं आणि नवं साहित्य मिळालं, हे खरं. पण दोन शाळा एक करायच्या म्हटल्यावर बंद व्हायची ती बहुधा कृष्णवर्णीयांची, नाहीतर तिची खालच्या इयत्तांची शाळा व्हायची. तिचे रंग, तिचं गाणं, तिच्या ढाली कुणालाच नको असायच्या. राज्य जिंकून दिलेले मुख्य प्रशिक्षक नव्या शाळेत सहायक झाले. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि शाळाप्रमुखांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे बास्केटबॉल प्रशिक्षक रॉबर्ट ह्यूज यांची आय. एम. टेरेल ही कृष्णवर्णीयांची शाळा १९७३मध्ये बंद झाली. त्यांना डनबार हायस्कूलमध्ये पुन्हा संघ मिळाला, आणि कारकिर्दीत त्यांनी एकूण १,३३३ सामने जिंकले. ज्यांना पुन्हा संघ मिळालाच नाही, ते काय करू शकले असते हे कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही.

यावर कुणी लगेच म्हणेल, मग वेगळ्या शाळाच बऱ्या होत्या. अजिबात नाही. गोऱ्या शाळांनी टाकलेली पुस्तकं आणि वापरून झालेलं साहित्य घेऊन ही मुलं खेळली, तो अन्यायच होता. पालकांनी लढा दिला तो बरोबरीच्या हक्कासाठी. त्यांचेच गुरुजी घरी बसवावेत, अशी मागणी त्यांनी कधी केली नव्हती.

मग हा दावा इतका टिकला कसा? गोऱ्यांची वर्तमानपत्रं या सामन्यांना फार तर चार ओळी देत. टेक्सासची ती लीग १९७०मध्ये संपली, त्यानंतर निकाल आणि नावं जुळवायचं काम पडलं ते तिच्याच जुन्या प्रशिक्षकांवर आणि खेळाडूंवर. ते त्यांनी केलं आहे. पोस्ट पुढे पाठवण्याआधी निदान त्यांच्या यादीतली नावं तरी वाचा.