त्या चार विहिरी कुठे गेल्या, हे कोणी विचारलंच नाही

सकाळी पावणेआठला मेसेज आला. "सर, पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला!!" खाली दोन पीडीएफ. माण तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीवर तीन वर्षं काम करणारी ही मुलगी. दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये टेप घेऊन कठड्यावर वाकणारी. एका संशोधन नियतकालिकाला पेपर पाठवला होता काल रात्री साडेअकराला. म्हणजे सव्वाआठ तासांत परीक्षण झालं, निर्णय झाला, पत्रही आलं. आता संध्याकाळी पाचच्या आत अठराशे रुपये भरायचे. प्रमाणपत्र सोबत मोफत.

परीक्षणाचा अहवाल उघडला. पाच ओळी, पाचही ठिकाणी 'गुड'वर टिक, खाली 'दुरुस्तीविना स्वीकृत'. मग तिचा पेपर उघडला. पान चार, तक्ता दोन, गावनिहाय विहिरी. गावांची बेरीज ४३ होते आणि खाली 'एकूण' म्हणून ४७ छापलंय. ही चूक सापडायला तज्ज्ञ लागत नाही, पान उघडावं लागतं. ते कोणी उघडलंच नव्हतं. पैसे घेऊन न वाचता छापणाऱ्या दुकानांची हीच रीत.

अठराशे रुपये गेले तर गेले, असं म्हणणारे भेटतात. अहो, पैशांचं सोडा, डेटा जातो! कुठलंही धड नियतकालिक पेपर घेताना लिहून घेतं की हा मजकूर आधी छापलेला नाही आणि दुसरीकडे विचाराधीनही नाही. एकदा तिथे छापला की दार बहुधा बंद. तीन वर्षांच्या विहिरी अशा जागी पुरल्या जातात, जिथे भूजलावर काम करणारा एकही माणूस फिरकत नाही.

नियतकालिकाच्या पत्रात 'यूजीसी केअर लिस्टेड' असं ठळक लिहिलंय, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या यादीत असल्याचा दावा. यूजीसीने केअर यादी बंद केल्याची सूचना फेब्रुवारी २०२५ मध्येच निघाली आहे. बंद यादीचा शिक्का मिरवणाऱ्यावर तिथेच काट मारा. त्याआधीच्या 'यूजीसी अप्रूव्हड' यादीतून तर मे २०१८ मध्ये एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढली होती. दुसरा शिक्का आयएसएसएन. हा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. चालवणारा कसा आहे हे त्यावरून कळत नाही. तिसरा 'इम्पॅक्ट फॅक्टर ८.२'. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो आणि तो मागच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या उल्लेखांवरून काढतात. गेल्या वर्षी सुरू झालेल्या नियतकालिकाकडे ८.२ येणार कुठून?

तपासायला अर्धा तास पुरतो. शेवटचा अंक उघडा. कबीर, जीएसटी आणि शेळ्यांचे आजार एकाच अंकात असतील तर परत फिरा. संपादक मंडळातली दोन नावं निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का बघा, नसेल तर त्यांनाच मेल करा. आपलं नाव तिथे आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. एखाद्या लेखाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मुख्य डीओआय संकेतस्थळावर टाकून तो खरंच उघडतो का बघा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधन नियतकालिकांच्या मोठ्या सूची. स्कोपसची स्रोतयादी आणि वेब ऑफ सायन्सची मास्टर जर्नल लिस्ट फुकट शोधता येते. स्कोपसमध्ये नाव सापडलं तरी समावेश थांबवलेला नाही ना, तेही बघा. आणि संकेतस्थळाचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका. नामवंत नियतकालिकाच्या नावाने दुसऱ्याच पत्त्यावर दुकान थाटलेलं असतं.

हो, पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक वाईट नसतं. मुक्त प्रवेशाची, म्हणजे वाचकाला फुकट असणारी, चांगली नियतकालिकंही शुल्क घेतात, कधी हजारो डॉलर. मान्य. पण वर्गणीवर चालणाऱ्या कितीतरी चांगल्या नियतकालिकांत लेखकाला एक पैसा लागत नाही, हे या मुलांना सांगतं कोण?

खरा राग तिथेच आहे. गाईड मंडळींनो, 'एक पेपर टाकून दे कुठेतरी, थिसिस अडायला नको' हे वाक्य तुमचं आहे, तिचं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीतून थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती गेली. विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, हेही खरं. पण ती अट नीट वाचून सांगायला गाईड नको? पेपरवर दुसरं नाव तुमचं आहे. मग पान चारवरची बेरीज तुम्ही का नाही केलीत?

पोरांवर मात्र चिडत नाही. कोणी शिकवलेलंच नसतं. तर शिकणाऱ्यांसाठी: आपल्या पेपरची संदर्भसूची काढा आणि तीनदा किंवा जास्त वेळा आलेली नियतकालिकं अधोरेखित करा. तुमचे वाचक तिथे आहेत. त्यांतल्या एकाचे ताजे दोन अंक वाचा, मग त्याच्या शब्दमर्यादेत लिहा. संपादकाकडूनच नकार आला तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत कळतं. परीक्षणाला तीन ते सहा महिने धरा. तीन महिने शांतता असेल तर दोन ओळींची विचारणा करायला हरकत नाही. परीक्षकांचे शेरे आले की प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर लिहा, कुठल्या पानावर कुठल्या ओळीत काय बदललं ते सांगा. पटलं नाही तर कारण द्या. 'सर्व दुरुस्त्या केल्या' एवढ्यावर संपादक समाधानी होत नाही.

आणि या मुलीसारखं अडकलात तर पैसे भरू नका, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. हस्तलिखिताचा क्रमांक घालून लगेच मेल करा: मी हे हस्तलिखित मागे घेत आहे, शुल्क भरलेलं नाही, हक्क दिलेले नाहीत, छापू नये. लेखी होकार मागा. मागे घेण्याचेही पैसे मागतील, देऊ नका. सगळे मेल जपून ठेवा. तरीही त्यांनी छापलंच, तर पुढच्या संपादकाला पहिल्याच पत्रात सगळं खरं सांगा आणि हे मेल जोडा. लपवलेलं पुढे सापडलं तर पेपर मागे घेतला जातो आणि नावाला डाग लागतो.

दुपारी फोनवर तिला विचारलं, ४३ की ४७? थोडा वेळ गप्प होती. "सर, चार विहिरी दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात कोरड्या पडल्या. पातळीच मोजता येईना, म्हणून काढल्या. बेरीज बदलायची राहिली." कुठल्या चार? एकाच ओढ्याच्या वरच्या अंगाच्या, आणि चारहींच्या शेजारी त्याच वर्षी बोअर पडलेली.

अगं, हाच तर तुझा पेपर आहे! धड परीक्षक असता तर पहिला प्रश्न हाच आला असता.

साडेतीनला तिने मागे घेण्याचा मेल पाठवला. होकार अजून आलेला नाही. आत्ता ती त्या चार विहिरींची पहिल्या वर्षीची वही शोधतेय.