ट्रॉली किती टनाची ते राहू द्या, ट्रॅक्टर किती किलोचा ते सांगा

ट्रॉली घ्यायला वर्कशॉपात गेलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? "किती टनाची हाय?" आणि वर्कशॉपवाला वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून सांगतो, "चार टन बिनधास्त भरा, भाऊ." मग रंग कुठला, फाळक्यावर नाव कुणाचं, टेप कुठं बसवायचा, सगळं ठरतं. ट्रॅक्टरचं वजन मात्र गिऱ्हाईक सांगत नाही आणि वर्कशॉपवाला विचारत नाही. बाहेर उभा असतो १५-१७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, सगळा मिळून ८०० किलोच्या आसपास. त्याच्या मागं चार टन! अरे, डोकं गहाण ठेवलंय का?

"पण ओढतो की!" हो, ओढतो. लो गिअरमध्ये सपाट रस्त्यावर दोन-अडीच टनही ओढेल. ओढण्याचं कौतुक कुणाला आहे? प्रश्न थांबवण्याचा आहे. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ती चाकं रस्ता धरतात ती ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनावर आणि हूकवर येणाऱ्या थोड्याशा भारावर. मागून तीन टनांचा बिनब्रेकचा भार ढकलत आला की चाकं जागच्या जागी लॉक होतात, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. मांजरसुंब्याच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडणारे महाभाग आहेतच. ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरायचं आणि मध्ये क्लच दाबायचा नाही, एवढी साधी गोष्ट. वर डाव्या-उजव्या ब्रेक पेडलांना जोडणारी पट्टी शेतात काढलेली असते, ती रस्त्यावर तशीच. एकच पेडल दबलं की ट्रॅक्टर गर्रकन एका अंगाला.

हिशेब काही अवघड नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती भरलेली असताना ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपुढं जाऊ द्यायची नाही. घाट किंवा चिखल असेल तर त्याहून कमी. ८०० किलोच्या ट्रॅक्टरला म्हणजे १२०० किलो. त्यात रिकामी ट्रॉली ४०० किलोची धरा. उरले ८०० किलो. तुमचा माल एवढाच. सोयाबीनचे ६० किलोचे १३ कट्टे.

आता हौदा किती मोठा हवा? ७ फूट लांब, साडेचार फूट रुंद, सव्वा फूट उंच. हे झालं साधारण ३९ घनफूट. यात काठोकाठ सुटं सोयाबीन भरलं तर आठ क्विंटलच्या थोडं वर जातं. मुरलेलं, भुरभुरीत शेणखतही तेवढंच, ओलं असेल तर टनाला टेकतं. पण याच हौद्यात मुरूम भरायचा तर फक्त सहा इंच! काठापर्यंत भरला की पावणेदोन-दोन टन झाले. आणि आपल्याकडं मुरूम ब्रासवर मोजतात, किलोवर मोजतोय कोण? "अर्धा ब्रास बसतो का बघ." अर्धा ब्रास म्हणजे ५० घनफूट, सव्वादोन-अडीच टन. म्हणून "किती टनाची" हा प्रश्नच खुळा आहे. काय भरणार ते आधी सांगा. उन्हाळ्यात मोसंबी जगवायला १००० लिटरची टाकी चढवतात, तिचंही तेच. पाणीच एक टन झालं. ७५० लिटरची घ्या आणि पूर्ण भरा. अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, आत आडव्या जाळ्या नसतील तर ट्रॉलीच हलवून सोडते.

हे सगळं सोडून लोक आणतात काय? १० बाय ६ फुटांची. का, तर शेजाऱ्याच्या ५० एचपीला तशीच आहे. तळाला ५ एमएमचा पत्रा, कारण "जाड पत्रा म्हणजे मजबूत". नुसता तळच २२० किलोचा झाला की! तोच ३ एमएमचा १३० किलोत होतो. मजबुती चॅनलमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात असते, पत्र्यात नाही. छोट्या हौद्याला खाली ७५ बाय ४० एमएमचे चॅनल, आडव्या पट्ट्या जवळजवळ, हूकपर्यंत जाणाऱ्या दांड्याला १०० बाय ५० चा. इथं मात्र वर्कशॉपवाला कंजुषी करतो. दांडा चॅनलला जिथं मिळतो तिथं दोन-चार टाके मारतो आणि वर लाल रंग फासतो. तिथं सलग वेल्डिंग पाहिजे, आतून त्रिकोणी पट्टी पाहिजे. रंग मारायच्या आधी जाऊन बघा, नंतर सगळंच छान दिसतं.

ॲक्सल कुठं बसवलाय हे तर कुणी मोजतच नाही. भाराचा दहावा हिस्सा हूकवर आला पाहिजे. हूकपासून हौद्याचा मध्य ९० इंचांवर असेल तर ॲक्सल १०० इंचांवर हवा, म्हणजे मध्यापासून १० इंच मागं. बरोबर मध्यावर ठोकला आणि माल मागं सरकला की दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. मग पकडही गेली आणि ब्रेकही. फार मागं नेला तर मिनीचं नाक उचलतं आणि स्टेअरिंग नुसतं नावाला उरतं. आणि ट्रॉली टॉपलिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांडीच्या) ब्रॅकेटला अडकवणाऱ्यांना तर काय म्हणावं! ओढ मागच्या ॲक्सलच्या वरून लागली की चढावर ट्रॅक्टर मागं उलटतो. हूक खालीच.

हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचा तर वेगळाच तमाशा. ८० एमएमचा आणि मीटरभर उघडणारा जॅक ५ लिटर तेल ओढतो. मिनीच्या बहुतेक मॉडेलांत हे तेल गिअरबॉक्सचंच असतं. त्याहून मोठा जॅक जोडला की पातळी खाली जाते, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो. मग म्हणायचं, कंपनीचा पंपच खराब! शिवाय गावभर फिरणाऱ्या ट्रॉलीचा पाइप न पुसता लावायचा आणि तिचा सगळा गाळ आपल्या गिअरबॉक्सात घ्यायचा. तेल जॅक खाली असताना मोजा. जॅक उघडल्यावर गेज तेलाबाहेर येत असेल तर तो जॅक तुमच्या ट्रॅक्टरचा नाहीच. उचललेल्या हौद्याखाली ग्रीस भरायला वाकायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावा.

टायर? ट्रकचे उतरवलेले, एक एका नक्षीचा, दुसरा दुसऱ्या उंचीचा. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात अरुंद टायर रुततात, हे माहीत असूनही स्वस्त म्हणून तेच.

आणि पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी? "ट्रॅक्टरची आरसी हाय ना." १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याची नोंदणी वेगळी. मजूर, वऱ्हाडी त्यात बसवले आणि काही झालं तर विमा कंपनीशी भांडत बसा.

शेवटी राहिली हूकची पिन. ती हरवली की टीएमटी सळईचा तुकडा खुपसतात, वर तार गुंडाळतात. मापाची पिन आणि तिची क्लिप बाजारात मिळते, दोन घेऊन ठेवा. तिच्या जोडीला दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सेफ्टी चेन, मागं दोन लाल रिफ्लेक्टर आणि चालणारा दिवा. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाड्यांच्या रांगेत रात्री बिनदिव्याची ट्रॉली उभी करणाऱ्यांनी एकदा मोटारसायकलवरून त्याच रस्त्यानं येऊन बघावं.