ब्रिटनमधल्या आश्रयाच्या अर्जाबद्दल खुलासा
"ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज फेटाळला तर पुन्हा करत राहा, कोर्टात गेलं की परत पाठवत नाहीत," हा मेसेज सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पाठवला होता, ती माझी चूक. अर्ज फेटाळल्यावर पुन्हा मागणी केली तर काय होतं, हे सांगणारा तिथल्या इमिग्रेशन नियमांतला (परदेशी लोकांच्या प्रवेश-वास्तव्याच्या नियमांतला) परिच्छेद 353 मी काल नीट वाचला. नवी माहिती आधी विचारात न घेतलेली हवी, आणि जुन्या पुराव्यासोबत धरून यशाची खरी शक्यता दिसायला हवी. तरच तो नवा दावा धरतात. नाहीतर नकाराविरुद्ध अपील नाही, उरतं न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे सरकारी निर्णयाची कोर्टाकडून तपासणी. त्यालाही आधी परवानगी लागते. तिथे निर्णय कायदेशीर होता का एवढंच तपासतात, आश्रय देत नाहीत. या मेसेजवर विसंबून कुणी घर गहाण टाकून एजंटला पैसे देईल, याची मला फार धास्ती वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.