'तळमजल्यावरचे एल्डर' या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक महोदय,

आमच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या दोन तरुण मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) मिशनऱ्यांच्या आठवड्याविषयी मी लिहिले. कपडे, भाजी आणि शेअर रिक्षा यांच्या वर्णनाखाली मी त्यांचा मूळ हेतू झाकला आणि पगारी प्रचारकांना शेजारच्या गुणी मुलांचे रूप दिले, असा आपला आक्षेप आहे. त्यातला अर्धा मला मान्य आहे.

ते धर्मप्रचारासाठीच आले आहेत. छातीवर काळी नावपट्टी लावून फिरणाऱ्या मुलांनी हेतू लपवला असे म्हणता येणार नाही. मी मात्र एक प्रसंग गाळला. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांचा धर्मग्रंथ वाचायला देऊ केला होता. मी नको म्हटल्यावर त्यांनी तो पिशवीत परत ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही. संविधानाचे २५वे कलम धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देते. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे माझा नकार आणि त्यांचे मागे फिरणे लेखात यायलाच हवे होते.

'पगारी' हा शब्द मात्र चुकीचा आहे. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची साधारण दीड वर्षाची. तिला पगार नसतो आणि खर्चाचा भार शक्य तेवढा स्वतः व घरच्यांनी उचलायचा असतो. जोडीदार ठरवून दिलेला असतो, एकट्याने बाहेर पडायचे नाही, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. विसाव्या वर्षी या मुलांना 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, म्हणतात याचे मला अजून हसू येते.

त्या दोघांतला एक वडीलधारा मूळचा आंध्रचा. 'केळी'तला ळ तो माझ्या भाच्यापेक्षा स्वच्छ उच्चारतो, पण भाजीची 'बाजी' करतो आणि 'माझा आई' म्हणतो. सोमवारी सकाळी नळाला पाणी असेपर्यंत तो मोरीत उकिडवा बसून पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी ब्रशने घासतो, कारण लोकलच्या गर्दीत त्या आठवडाभर काळ्या होतात. मग शर्ट खिडकीच्या ग्रिलला टांगून घरी फोन लावतो. आठवड्यातून एकदा घरच्यांशी बोलण्याची ही मुभा २०१९पासूनची आहे. फोन संपला की तो बराच वेळ जिन्यात बसून राहतो. मला लिहावेसे वाटले ते या बसण्यामुळे, आणि ते झाकण्यासाठी रंगवलेले नव्हते.

परक्या मुलखात येऊन आधी भाषा गिरवणारे मिशनरी मुंबईने पूर्वीही पाहिले आहेत. १८१३ साली आलेले अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल मराठी शिकले. पुढे त्याच मिशनच्या छापखान्यातील काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१मध्ये त्यावर छापले ते पंचांग! समोरच्याने पुढे केलेले सगळेच आपण निमूट घेतो, ही आपल्या प्रतिक्रियेतली भीती मला म्हणूनच पटत नाही.

मूळ लेखात आज दोन दुरुस्त्या केल्या आहेत. ग्रंथाचा प्रसंग जोडला आहे. आणि सोमवारला मी 'सुट्टीचा दिवस' म्हटले होते, तेही बदलले आहे, कारण संध्याकाळी ते दोघे अर्धवट वाळलेल्या कॉलरी तशाच चढवून पुन्हा कामाला निघतात.