जिमर फ्रेडेटवर शिक्का मारण्याआधी

अमेरिकन बास्केटबॉलपटू जिमर फ्रेडेटचं नाव निघालं की ठरलेली दोन वाक्यं येतात. ‘कॉलेजात तोफ, एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये) फुसका बार.’ आणि ‘चीनमध्ये काय, तिथे कुणीही पन्नास गुण मारतो.’ दोन्ही आळशी आहेत. एकच खेळाडू पाच ठिकाणी वेगवेगळ्या नियमांत, वेगवेगळ्या कामांवर खेळला, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे आकडे वाचताच येत नाहीत.

ब्रिगम यंग विद्यापीठाकडून 2010-11 मध्ये त्याची सरासरी सामन्यामागे 28.9 गुण होती, देशात पहिली. मार्च 2011 मध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध त्यानं एकट्यानं 52 गुण केले. पद्धत साधी होती. बॉल त्याच्याच हातात, उंच सहकारी येऊन स्क्रीन लावणार, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहणार. डिफेंडर स्क्रीनच्या मागून गेला तर जिमर तिथूनच थ्री (रेषेबाहेरून तीन गुणांचा फटका) मारणार, वरून चिकटून आला तर आत घुसणार. कॉलेजची थ्री-पॉइंट रेषा तेव्हा 6.32 मीटरवर होती, पण हा गडी तिच्या कितीतरी मागून मारायचा. त्यामुळे ‘एनबीएची 7.24 मीटरची रेषा त्याला झेपली नाही’ हे कारण बाद. सॅक्रामेंटो या एनबीए संघातल्या तिसऱ्या वर्षी त्याचे जवळपास निम्मे थ्री बसत होते.

मग बिनसलं कुठे? 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात तेव्हा, मिलवॉकी संघानं त्याला दहावा उचलला आणि त्याच रात्री तो सॅक्रामेंटोकडे गेला. त्या वर्षी लॉकआउट होता, म्हणजे मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद. नवख्यांना सराव देणारी समर लीग रद्द, सीझन थेट 25 डिसेंबरला सुरू, 82 ऐवजी 66 सामने. नवख्याला सराव मिळणार कधी? त्यात तीन वर्षांत तीन प्रशिक्षक. पण सर्वांत मोठं कारण म्हणजे त्याच्या हातातला बॉल गेला. टायरिक इव्हान्स आणि डीमार्कस कझिन्स हे सहकारी खेळवणार, जिमरनं कोपऱ्यात उभं राहून पासची वाट बघायची.

त्याची बाजू घेणारे एक गोष्ट सोयीनं विसरतात. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच संघानं, अगदी शेवटच्या 60 व्या क्रमांकावर आयझेया थॉमसला घेतलं. उंची जेमतेम 175 सेंटिमीटर, जिमरपेक्षा बोटभर नव्हे, चांगली 13 सेंटिमीटरनं कमी होती म्हणा ना. तरी त्यानं जिमरची जागा घेतली, कारण त्याची पहिली झेप जास्त वेगवान होती. जिमरचे पाय बाजूला सरकताना मागे पडायचे. जिमर ज्याला अडवत असे, त्यालाच समोरचे संघ मुद्दाम स्क्रीनला आणून जिमरला उघडं पाडायचे.

2016 मध्ये तो चीनच्या लीगमधल्या शांघाय शार्क्सकडे गेला. तिथे तेव्हा सामना 48 मिनिटांचा, संघात परदेशी मोजून दोन, आणि दोघांना एकत्र खेळवण्यावरही मर्यादा. म्हणजे त्या एका माणसानं बॉल घ्यायचा आणि गुण काढायचे, हेच त्याचं काम. रेषाही 6.75 मीटरवर. पहिल्याच सीझनला सरासरी 37 च्या वर आणि सर्वोत्तम परदेशी खेळाडूचा किताब. नोव्हेंबर 2018 मध्ये त्यानं एका सामन्यात 75 गुण केले आणि शांघाय तरीही एका गुणानं हरलं! एकखांबी संघाचा धोका यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. तो सीझन संपल्यावर एनबीएतल्या फिनिक्सनं बोलावलं, तर सहा सामन्यांत एकही थ्री बसला नाही. भूमिका बदलली की हात पुन्हा गोठायचा.

माझ्या मते खरी परीक्षा झाली ती 2019-20 मध्ये, ग्रीसच्या पानाथिनाइकोसकडे. युरोपातल्या बड्या क्लबांच्या युरोलीगचा सामना 40 मिनिटांचा. एनबीएत डिफेन्सचा उंच खेळाडू आपला माणूस सोडून बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर फाउल लागतो. युरोपात तो खुशाल ठाण मांडून बसतो, त्यामुळे आत घुसायची वाट बंद. तिथे त्याची सरासरी 13-14 च्या आसपास राहिली. शांघायचे आकडे पाठ असणाऱ्यांना ही घसरगुंडी वाटते. मला ती त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत जाणती खेळी वाटते. संघ ग्रीक लीग जिंकला.

शेवटी थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंचं बास्केटबॉल. 10 मिनिटं किंवा 21 गुण, बास्केटवर फेकायला मुदत (शॉट क्लॉक) 12 सेकंदांची, आतून टाकला तर 1 आणि कमानीबाहेरून 2. म्हणजे लांबून मारलेल्याची किंमत थेट दुप्पट. पाच-पाचच्या खेळात ती दीडपट असते. हा खेळ जणू त्याच्यासाठीच बेतलेला होता. 2023 च्या विश्वचषकात अमेरिकेला रौप्य मिळालं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र दुसऱ्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला. संघ चौघांचा, राखीव एकच. उरलेले सामने तिघांनीच, एकही बदली न घेता खेळले आणि पदकाविना परतले. एप्रिल 2025 मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.