‘अध्यक्ष त्यांचाच असणार’ म्हणणाऱ्यांसाठी

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून कोपरीपर्यंत सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: विधानसभेचा अध्यक्ष बहुमतवाले निवडतात, म्हणून तो त्यांचाच. त्याने निःपक्ष राहावं असं घटनेत कुठेही नाही. त्याच्या निर्णयात कोर्टाला नाक खुपसता येत नाही. आपला महापौर असतो, तसाच तोही. तेव्हा भाबड्या अपेक्षा सोडा. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलेलं नाही.

पहिला दावा अर्धा खरा. अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाकांवरूनच येतो आणि त्याने पक्ष सोडावा अशी सक्ती घटना करत नाही. पण पक्षाने निवडून आणलं म्हणजे पक्षाचा गडी झाला, हे काही खरं नाही. नीलम संजीव रेड्डी 1967 साली लोकसभेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी काँग्रेसचा राजीनामा दिला. लोकसभेचेच अध्यक्ष राहिलेल्या सोमनाथ चटर्जींना तर किंमत मोजावी लागली. 2008 साली अणुकरारावरून डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा त्यांनी अध्यक्षपद सोडावं असा पक्षाचा हट्ट होता. ते हटले नाहीत. 22 जुलैच्या विश्वासदर्शक ठरावाला तेच खुर्चीत होते आणि दुसऱ्याच दिवशी माकपने त्यांची हकालपट्टी केली. दहा वेळा निवडून आलेला खासदार! शिवाय पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात अध्यक्षासाठी खास सवलत आहे: निवड झाल्यावर त्याने पक्ष सोडला, तर ते पक्षांतर ठरत नाही. दार उघडं आहे, बाहेर पडणारे कमी, एवढंच.

‘घटनेत कुठेही नाही’ हे म्हणणं घटना न उघडता केलेलं दिसतं. ‘निःपक्ष राहा’ असा उपदेश तिथे सापडणार नाही, पण बंदोबस्त पाहा. कलम 189 प्रमाणे अध्यक्षाला पहिल्या फेरीत मतच नाही, समसमान मतं पडली तरच निर्णायक मत. कलम 181 प्रमाणे त्याला हटवण्याचा ठराव विचारात असताना तो सभागृहात बोलू शकतो, सदस्य म्हणून मतही देऊ शकतो, पण त्या वेळी खुर्चीत बसू शकत नाही. राजीनामा द्यायचा तो उपाध्यक्षाकडे, मुख्यमंत्र्याकडे नाही. त्याचं वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतं, म्हणजे त्यावर सभागृहात मतदान होत नाही. हटवायचं तर 14 दिवसांची नोटीस आणि तेव्हाच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. 288 जागा भरलेल्या असतील तर 145 हात वर व्हावे लागतात, त्या दिवशी हजर किती याला महत्त्व नाही. पक्षाच्या कार्यकर्त्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला असता का?

कोर्टाचं म्हणाल, तर कामकाजातल्या निव्वळ तांत्रिक त्रुटींत कोर्ट पडत नाही, हे कलम 212 सांगतं. मजकूर लिहिणारा तिथेच थांबलेला दिसतो. जुलै 2021 मध्ये आपल्याच विधानसभेने भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचं ते निलंबन रद्द केलं. अपात्रतेच्या बाबतीत तर पक्षांतरबंदीवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या किहोतो निकालापासून अध्यक्ष हे न्यायाधिकरण मानलं जातं, म्हणजे त्याचा निर्णय कोर्टात तपासता येतो. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको, कारण शिवसेनेच्या फुटीनंतर 2022 साली झालेल्या अपात्रतेच्या याचिकांत कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदेही होते. मे 2023 मध्ये कोर्टाने अध्यक्षांना ‘वाजवी मुदतीत ठरवा’ असं सांगितलं, महिने गेले, शेवटी कोर्टालाच तारीख घालून द्यावी लागली आणि 10 जानेवारी 2024 ला निर्णय आला. कुणीच अपात्र ठरलं नाही. तो निर्णय बरोबर की चूक, यावर ज्याने त्याने भांडावं. कोर्टाचा संबंधच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही.

उरला महापौर. ही तुलना लिहिणाऱ्याच्याच अंगावर येते. पाचपाखाडीत ठाणे महापालिकेच्या महासभेला महापौर बसतो खरा, पण पक्ष सोडणाऱ्या नगरसेवकाचं काय करायचं हे तो ठरवत नाही. राज्याच्या 1986 च्या कायद्याने ते काम सरकारी अधिकाऱ्याकडे दिलंय. म्हणून तर निवडणूक झाली की नगरसेवकांच्या गाड्या गटनोंदणीसाठी, म्हणजे आपण कोणत्या पक्षाच्या गटात हे नोंदवायला, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनाकडे, विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडे, धावतात. (अधिकाऱ्यावर सरकारचा दाब नसतो असं मी म्हणत नाही.) जे काम महापौराकडे दिलं नाही, तेच काम दहाव्या परिशिष्टाच्या सहाव्या परिच्छेदाने अध्यक्षाच्या गळ्यात बांधलं, आणि अध्यक्षपदाची बदनामी बहुतेक त्याच कामातून झाली. मणिपूरच्या आमदाराच्या अपात्रतेच्या प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायचा विचार संसदेने करावा असं सुचवलं, अध्यक्षाने अशा याचिका एरवी तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असंही सांगितलं. 31 जुलै 2025 ला तेलंगणच्या आमदारांच्या पक्षांतरावर निकाल देतानाही, ही व्यवस्था चालू ठेवायची का याचा विचार संसदेने करावा असं पुन्हा सांगावं लागलं. राग काढायचाच असेल तर तो या सहाव्या परिच्छेदावर काढावा.